दिंडीत दुखणं लपवू नका

मिरग लागला की उमरी, भोकर, धर्माबादकडच्या गावांत पंढरीची बोलणी सुरू होतात. कोणी रेल्वेनं पुण्याकडे जाऊन माउलींच्या पालखीत मिळतं, कोणी आपल्या भागातल्या दिंडीबरोबर थेट पायी निघतं. वाट दिंडीगणिक बदलते. पण नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, मुरूड, बार्शी असा रस्ता धरला तर उमरीहून पंढरपूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. रोजचे २० किलोमीटर धरले तरी अडीच आठवड्यांचं चालणं झालं.

शेतात राबलेल्या माणसाला, अगदी साठी ओलांडलेल्यालाही, एवढं चालणं झेपतं. मला काळजी वाटते ती गप्प राहण्याची. ‘माझ्यामुळं दिंडी खोळंबायला नको’ म्हणून माणसं पायाची जखम, चक्कर, लघवीची आग अंगावर काढत पुढं चालतात. टाळ वाजत असतो, पाय उचलले जात असतात, आणि दुसऱ्या दिवशी जे सहज बरं झालं असतं ते दहाव्या दिवशी दवाखान्यात भरती होण्याइतकं वाढतं. माउली असं काही मागत नाहीत, हे मी डॉक्टर म्हणून नाही तर वारकऱ्याच्या घरातला म्हणून सांगतो.

म्हणून निघण्याआधी दिंडीत जोड्या लावा. प्रत्येकाचा एक सोबती ठरवा. आबांना साखर आहे का, मावशींना बीपीची कोणती गोळी आहे, ती पिशवीच्या कोणत्या कप्प्यात आहे, घरचा फोन नंबर काय, एवढं त्या सोबत्याला पाठ हवं. हेच सगळं दिंडीप्रमुखांच्या वहीतही लिहिलेलं असू द्या. संध्याकाळी हरिपाठ झाला की जोडीदारांनी एकमेकांचे तळपाय उजेडात बघायचे. आपला तळवा आपल्याला नीट दिसत नाही, दुसऱ्याला दिसतो.

पायांची तयारी मात्र आजपासून करा. पहाटे गोरट्याच्या वाटेला लागा, दासगणू महाराजांच्या मठाकडे चालत जा, दर आठवड्याला अंतर थोडं वाढवा. जी चप्पल किंवा बूट घालून पंढरीला जायचं तेच या चालण्यात घाला. कोरी पादत्राणं घालून निघणं म्हणजे फोडांना बोलावणं. दिवसभर चालून पाय सुजतात, तेव्हा बूट संध्याकाळी विकत घ्या आणि बोटांपुढं थोडी जागा राहील असे घ्या.

फोड येतो तो घासण्यामुळं, आणि ओल असली की लवकर येतो. पावसात भिजलेले मोजे बदलायचा कंटाळा करू नका. टाचेला किंवा अंगठ्याच्या मुळाशी चुरचुर जाणवली, की तिथंच थांबून कागदी चिकटपट्टी लावा. औषधाच्या दुकानात मायक्रोपोर म्हणून मिळते ती. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अडीचशे किलोमीटर धावणाऱ्यांवर हा साधा उपाय करून पाहिला. २०१६ साली त्यांनी प्रसिद्ध केलं, की पट्टी लावलेल्या जागी फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. आळंदी ते पंढरपूर अंतरही जवळपास तेवढंच आहे.

फोड आलाच आणि लहान असला तर फोडू नका, वरची कातडी हीच त्याची मलमपट्टी. टम्म फुगून चालणं मुश्कील झालं, तर साबणानं धुऊन, निर्जंतुक सुईनं कडेला टोचून पाणी काढा. कातडी तशीच ठेवा आणि स्वच्छ पट्टी बांधा. मांड्या घासून सोलवटतात त्यांनी सकाळीच व्हॅसलिन लावावं. हे दुखणं माणसं लाजेनं सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

मधुमेह असलेल्यांना मात्र माझं कळकळीचं सांगणं आहे. अनवाणी चालू नका, नवस असला तरी नाही. साखरेमुळं पायाची जाणीव कमी झालेली असते. तापलेलं डांबर, काच, काटा काही कळत नाही, आणि जखम चिघळली तर बोट गमवावं लागतं. मधुमेही पायावरचा फोड स्वतः फोडायचा नाही, तो डॉक्टरांनाच दाखवायचा. दुसरं म्हणजे, दिवसभर चालण्यानं साखर खाली येते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी त्याचं प्रमाण निघण्याआधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. घाम फुटला, हात थरथरले, माणूस विनाकारण चिडला किंवा असंबद्ध बोलू लागला, की सोबत्यानं लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. इन्सुलिन सामानाच्या ट्रकमध्ये तापत ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, सावलीत, स्वतःजवळ ठेवा. एकादशीच्या उपवासाचंही आधीच विचारून घ्या.

पाण्याबद्दल बायकांशी वेगळं बोलायला हवं. पालख्यांच्या मोठ्या मार्गांवर फिरती शौचालयं असतात, आडवाटेनं जाणाऱ्या आपल्या दिंड्यांच्या वाट्याला ती क्वचितच येतात. आडोसा नाही म्हणून आया-बहिणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीला आग होते, ताप येतो, उन्हात भोवळ येते. हा दोष त्यांचा नाही, नियोजनाचा आहे. दिंडीप्रमुखांनी पुढच्या मुक्कामाच्या सरपंचांना, शाळेच्या गुरुजींना आदल्या दिवशी फोन करावा, दर दोन तासांच्या विसाव्याला शौचालय उघडं मिळेल असं बघावं. तेही जमलं नाही तर चार बांबू आणि ताडपत्री ट्रकमध्ये ठेवावी. पंगतीच्या भांड्यांना जागा होते, याला का होऊ नये?

पाणी टँकरचं असो की विहिरीचं, मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबूनच प्या. जुलाब लागले तर ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं मोजून. नुसतंच पाणी पोटात ओतत राहणंही बरं नाही, घामावाटे मीठही जातं. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी अधूनमधून घ्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किती प्यायचं ते आधी विचारून घ्यावं.

पाऊस लांबला की जूनचं ऊन मराठवाड्यात अजून मे महिन्यासारखंच असतं. अंग भट्टीसारखं तापलं आणि माणूस भलतंच बोलू लागला तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा. पण गाडी येईपर्यंत बघत उभे राहू नका. सावलीत आडवं करून अंगभर पाणी ओता, वारा घाला. जीव वाचतो तो या पहिल्या काही मिनिटांत.

गुडघे दुखले की वाटेत कोणी सुई देतं, कोणी पुडीतल्या गोळ्या देतं. डायक्लोफिनॅकसारखी औषधं, पाणी कमी पडलेलं शरीर आणि बीपीच्या काही गोळ्या हे तिन्ही एकत्र आले तर मूत्रपिंडावर घाला बसतो. दुखलं तर पॅरासिटॅमॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. यकृताचा आजार असलेल्यांनी तीही विचारूनच घ्यावी. त्यानं भागत नसेल तर एक दिवस ट्रकमध्ये बसा. तेवढ्यानं वारी मोडत नाही.

रात्री शेताच्या कडेला उघड्यावर झोपताना मच्छरदाणी चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. डासांइतकीच ती मण्यारीसाठी आहे. हा साप झोपलेल्या माणसाला चावतो, आणि बहुतेकदा दंश जाणवतही नाही. पहाटे कोणाच्या पोटात दुखू लागलं, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, तर चहा पाजत बसू नका. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका. प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात थेट न्या.

परत आल्यावर एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, लघवी कमी होत असेल किंवा पायाची जखम आठवड्यात भरत नसेल, तर तपासून घ्या. दूषित पाण्यातून होणारी कावीळ तर महिना-दीड महिन्यानंतरही दिसू शकते. तेव्हा श्रावणात भूक मेली, लघवी गडद पिवळी झाली तर डॉक्टरांना ‘वारीला पायी गेलो होतो’ हे आवर्जून सांगा, आणि तुमच्या जोडीदारालाही फोन करून विचारा. पाणी दोघांनी एकाच टँकरचं प्यायलेलं असेल.