मागीलदारानं जाऊ नकोस

सूनबाई, सोमवारपासून तू रत्नागिरीला कामावर जाणार आणि दीड वर्षाचा तुझा लेक इथं पावसला माझ्याजवळ राहणार. तेव्हा एकच मागते, त्याला चुकवून जायचं नाही. मी ओटीवर ‘तो बघ काऊ’ करायचं आणि तू मागीलदारानं सटकायचं, हे नको.

मी केलंय ते. तुझा नवरा दोन वर्षांचा असताना बालवाडीच्या प्रशिक्षणाला म्हणून अशीच निसटले, आठव्या दिवशी परतले. पुढे महिनाभर विहिरीवर निघाले तरी ह्याच्या मुठीत माझा पदर. सासूबाई म्हणत, पोर हट्टी झालंय. हट्टी कसलं! आई कुठल्या दारानं नाहीशी होते ते त्याला कळलं होतं.

म्हणून खाली बसून, त्याच्याकडे बघून ‘येते हं’ म्हण. आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत ते उगाच नाही. मग मात्र रेंगाळू नकोस. तीनतीनदा वळून पापे घेतलेस की त्यालाही वाटतं, काहीतरी घोटाळा आहे. रडेल. माझ्या कडेवर रडू दे. ‘बागुलबुवा येईल’ मी म्हणणार नाही. ‘आई हवी होती ना’ एवढंच म्हणेन. रडं ओसरलं की झोपाळा आहे, वासरू आहे.

परतायची वेळ घड्याळाची नको, ‘आजी दिवा लावते तेव्हा’ अशी सांग. इथल्या स्वामी स्वरूपानंदांच्या उत्सवात एसटीला गर्दी असते, वाटेत भाट्याच्या पुलाअलीकडेच अडकलीस तर फोन कर. ‘आलीच बघ’ अशी थाप मी मारणार नाही, उशीर होणार असं सांगेन.

नेसलेली एक सुती साडी ठेवून जा, न धुता. दुपारी तीच त्याच्या अंगाखाली घालेन. तुझ्या वासानं डोळा लागेल.

आणि पडल्यावर तो माझ्याकडे धावला तर मनाला लावून घेऊ नकोस. जॉन बोल्बी या इंग्रज डॉक्टरानं आयुष्यभर मुलांच्या लळ्याचाच अभ्यास केला. त्याच्या घरच्या रिवाजानं आई दिवसाकाठी तासभर भेटायची, लळा सगळा दाईचा. तो चारेक वर्षांचा असताना ती दाई गेली आणि ते त्याला फार लागलं. 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यानं घर हरवलेल्या मुलांबद्दल अहवाल लिहिला. त्यात आईच्या जोडीला ‘तिच्या जागी कायम असणारं माणूस’ही धरलंय. म्हणजे मी चालते! पण आज आजी, उद्या शेजारीण, परवा आणखी कुणी, असं नको.

पहिले काही दिवस तू आल्यावर तो तोंड फिरवील. रुसलाय, विसरलेला नाही. हाका मारू नकोस, खाऊ दाखवू नकोस. पाय धू, ओटीवर टेक, फोन पिशवीतच असू दे. आधी तो पिशवी चाचपेल. मग बंद ओढून बघेल. मग पाठीमागून येऊन तुझ्या वेणीला हात लावील.