प्रयोगशाळेच्या नोंदी आणि छोटी आज्ञावली

पिण्याच्या पाण्याची तपासणी ही सार्वजनिक आरोग्यरक्षणाची पहिली पायरी होय. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड आदी जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास दातांवर डाग पडतात, सांधे आखडतात. भारतीय मानक १०५०० नुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम फ्लोराइड ही स्वीकारार्ह मर्यादा असून, अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालू शकते. शेकडो नोंदींतून धोक्याचा हातपंप वेळेवर हुडकून काढणे, हे तपासणीइतकेच महत्त्वाचे काम आहे.

नोंद कशी ठेवावी

साधी मजकूर-फाइल यासाठी पुरेशी असते. ती कोणत्याही संगणकावर उघडते. एका नमुन्याला एक ओळ द्यावी आणि गावाचा संकेतांक, स्रोताचा क्रमांक, दिनांक व फ्लोराइडचे प्रमाण हे चार रकाने स्वल्पविरामाने वेगळे करावेत. गावाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले गेल्यास संगणक ती दोन गावे समजतो. म्हणून संकेतांक वापरणे इष्ट. दिनांक आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा लिहिल्यास नोंदी आपोआप कालक्रमाने लागतात.

आज्ञावलीचे काम

अशा फाइली वाचण्यासाठी १९७७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निघन यांनी 'ऑक' ही भाषा तयार केली. ती एकेक ओळ वाचून तिचे रकाने पाडते व दिलेली अट तपासते. चौथ्या रकान्यातील अंक १.५ पेक्षा अधिक असल्यास ती ओळ 'धोका' या फाइलीत, १ पेक्षा अधिक पण १.५ पर्यंत असल्यास 'लक्ष' या फाइलीत आणि उरलेल्या ओळी 'योग्य' या फाइलीत जातात. एवढ्या कामाला चार-पाच ओळींची आज्ञावली पुरते.

मात्र येथेच एक गंभीर चूक संभवते. तपासणी न झाल्याने रकाना रिकामा राहिला, तर ती रिकामी जागा कोणतीच मर्यादा ओलांडत नाही आणि न तपासलेला हातपंप 'योग्य' ठरतो! यास्तव रकाना रिकामा आहे काय, त्यात अंकच आहे काय, ही अट सर्वांत आधी घालावी व अशा ओळी 'फेरतपासणी' या फाइलीत टाकाव्यात. अंक आंतरराष्ट्रीय लिपीतच भरावेत. देवनागरी अंकांना ही भाषा संख्या मानत नाही.

मूळ फाइलीत आज्ञावलीने कधीही बदल करू नये. शेवटी चारही फाइलींतील ओळींची बेरीज मूळ ओळींशी ताडून पाहावी. ती जुळल्यावरच यादी गावाकडे रवाना करावी. कारण त्या यादीच्या भरवशावर लोक घागर भरणार असतात.