इमेजची तारीख

धाराशिव जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांच्या आणि टायपिंग क्लासच्या लॅब उभ्या करून देणं, हा माझा धंदा. एक मशीन नीट तयार करायचं, त्याची इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची नक्कल, काढायची आणि तीच बाकीच्यांवर मारायची. आमच्यातले जुने लोक अजून याला 'घोस्ट मारणं' म्हणतात. या कामात उमगलेलं थोडंफार.

1. इमेज मारली की मशीन नवं होत नाही, मागे जातं. इमेज काढली त्या दिवसावर जाऊन थांबतं. 2023 च्या फेब्रुवारीत शहराचं आणि सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. सगळीकडचे लेटरहेड दुरुस्त झाले. मग एखादं मशीन बिघडायचं, जुनी इमेज पडायची आणि 'जि. उस्मानाबाद' निमूटपणे परत हजर! नाव निदान डोळ्यांना दिसतं, क्लार्क ओरडतो. सुरक्षेतली जुनी फट अशीच परत येते, तेव्हा कोणी ओरडत नाही.

2. पॅच म्हणजे कंपनीने मागाहून दिलेली दुरुस्ती; ती नुसती व्हायरसच्या भीतीपोटी नसते. विंडोज 7 आलं 2009 ला, रुपयाचं ₹ हे चिन्ह ठरलं जुलै 2010 मध्ये. जुन्या डिस्कवरून टाकलेल्या मशीनवर त्या जागी रिकामा चौकोन दिसायचा. आपला रुपयासुद्धा अपडेटमधून आला, याची मला अजून गंमत वाटते.

3. दोन महिने पुष्कळ होतात. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका फटीवरचा पॅच 14 मार्च 2017 ला दिला. तीच फट वापरून 12 मे रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. 27 जूनला आलेल्या नॉटपेट्यानेही ती फट वापरली आणि आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. पॅच येऊन तेव्हा तीन महिने उलटले होते. त्या फेब्रुवारीत काढलेली इमेज आज मारली, तर फट जशीच्या तशी उघडी.

4. घाईही नको. महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी पॅच येतात. आपल्याकडे तोवर रात्रीचे साडेदहा-साडेअकरा होतात. बुधवारी मी मुख्य इमेजला हात लावत नाही. एकाच मशीनवर टाकतो, टायपिंग, फॉन्ट, प्रिंटर चालवून बघतो. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्याच एका अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशीन आडवी केली. तेव्हापासून माझ्या या सावधपणाला भित्रेपणा म्हणणारे जरा गप्प आहेत.

5. नेट आणि लाइट यांच्या भरवशावर राहू नये. सगळी लॅब एकाच कनेक्शनवर शेकडो एमबी ओढत बसते आणि नेमकी 'मशीन बंद करू नका' दिसत असतानाच लाइट जाते. म्हणून पॅच घरूनच इमेजमध्ये घालून नेतो. डिस्म या विंडोजच्याच टूलने इमेजची विम फाइल माउंट करायची, म्हणजे उघडायची, अपडेट आत सोडायचं, शेवटी बदल जतन करायला कमिट द्यायचं. कमिट राहिलं की सगळी मेहनत पाण्यात. मशीन सुरू न करता आतलं विंडोज बदलतं, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला जादूच वाटली होती.

6. फाइलला 'फायनल' नाव देऊ नये. त्यानंतर 'फायनल नवी' येते, मग 'खरी फायनल'. नुसती तारीख पुरे.

7. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि इथल्या लॅबमधली पुष्कळ जुनी मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. मुख्याध्यापक विचारतात, "चालतंय ना अजून?" चालतंय की. पण त्याला नेट जोडणार असाल, तर विंडोज 10 ची इमेज माझ्याकडे मागू नका, लिनक्सची मागा.