हलक्या आवाजाचे वाद्य आणि पहिली मैफल



अभिजात गिटारचा आवाज मुळातच लहान आहे आणि गिटारवादकापुढचे बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीतून निघतात. अंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) या स्पॅनिश कारागिराने वाद्याचे पोट मोठे केले आणि वरच्या पातळ फळीला आतून पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्यांचा आधार दिला. आजच्या गिटारचा घाट त्याच नमुन्यावर ठरला. १९४०च्या दशकात आतड्याच्या तारांच्या जागी नायलॉनच्या तारा आल्या. तरीही पियानोसारखे सभागृह भरून टाकणे गिटारला जमत नाही; श्रोत्याचे कान जवळ आणणे मात्र तिला उत्तम जमते. आंद्रेस सेगोव्हियाने (१८९३–१९८७) मोठमोठ्या सभागृहांत मायक्रोफोनशिवाय वाजवले, ते याच बळावर. जोर लावून आवाज वाढवू पाहणाऱ्याच्या तारा फक्त खडखडतात.

म्हणून पहिली साधना नादाची. फर्नांदो सोर बोटांच्या मांसल टोकाने वाजवी, त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनी. आज बहुतेक वादक दोन्हींचा मेळ घालतात: तार आधी बोटाच्या मांसाला टेकते आणि मग नखावरून सुटते. नखाला बारीकशी खाच पडली तरी स्वर चरचरतो. त्यामुळे अगदी बारीक पॉलिश पेपरने नखे घासणे हा रियाजाचाच भाग मानावा. रियाजाच्या वेळी एखाद्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवावे आणि सर्वांत मंद स्वर त्याच्यापर्यंत स्पष्ट पोहोचतो का, हे विचारावे. मंद स्वर पक्का झाला की मधला स्वरही आपोआप भरदार वाटू लागतो.

दुसरी साधना गिटारबाहेरच्या संगीताची. गिटारवादक जॉन विल्यम्स लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकत असताना तिथे गिटारचा विभागच नव्हता. तो पियानो शिकला आणि पुढे गिटारचा विभाग उभा करण्याचे काम त्याच्याकडेच आले. गिटारवादकाने चतुर्वाद्यवृंद ऐकावेत, गायकाची साथ करावी, बाखच्या रचनेतला प्रत्येक आवाज वेगळा गाऊन पाहावा. बोटांच्या सोयीने वाक्य तोडण्याची खोड गाण्यानेच जाते.

कारकीर्द स्पर्धांवर उभी राहत नाही, असे म्हणणे अर्धे खरे आहे. अमेरिकेतील गिटार फाउंडेशनसारख्या संस्थांच्या स्पर्धेतून विजेत्याला दौरा आणि ध्वनिमुद्रण मिळते, दार उघडते. पण आत गेल्यावर स्वतःचे काही लागते. सेगोव्हियाने स्वतः गिटार न वाजवणाऱ्या संगीतकारांकडूनही रचना मागून घेतल्या. गिटारवादक ज्युलियन ब्रीमसाठी संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९६३ मध्ये ‘नॉक्टर्नल’ लिहिले. तरुण वादकाने आपल्या पिढीतल्या एखाद्या संगीतकाराशी असेच नाते जोडावे. शिकवणे, जोडीने वाजवणे आणि छोट्या गावांतल्या मैफली यांना दुय्यम समजू नये. बहुतेक वादकांची चूल त्यांच्यावरच चालते आणि हातही तिथेच तयार होतो.

एकल मैफलीचा कार्यक्रम ठरवताना पस्तीस-चाळीस मिनिटांचे दोन भाग पुरतात. सर्वांत अवघड रचना आरंभी ठेवू नये, कारण तेव्हा हात थंड असतात आणि श्रोत्यांचे कान अजून रस्त्यावरच्या गोंगाटातून उतरलेले नसतात. सोरची एखादी संथ रचना आधी, मग बाख. मध्यंतरानंतर व्हिला-लोबोसची प्रेल्यूड्स आणि शेवटी बारिओसचे ‘ला कातेद्राल’, अशी चढण स्वाभाविक वाटते. सहावी तार एका स्वराने उतरवावी लागणाऱ्या रचना एकत्र ठेवाव्यात. पुनःपुन्हा सूर जुळवण्यात मैफल विस्कटते.

नव्या तारा तीन-चार दिवस आधी चढवाव्यात, म्हणजे त्या ताणून स्थिरावतात. कोकणच्या पावसात लाकूड फुगते, थंड देशातल्या तापवलेल्या खोलीत सुकते आणि तडकतेही. प्रवासात गिटारच्या पेटीत ओलावा राखण्याची सोय ठेवावी. अखेरच्या आठवड्यात नवे काही शिकू नये. रोज एकदा संपूर्ण कार्यक्रम न थांबता वाजवावा, चूक झाली तरी पुढे जावे. पाठांतर फक्त बोटांच्या सवयीवर सोडू नये: प्रत्येक रचनेत पाच-सहा ठिकाणे अशी पक्की असावीत, जिथून केव्हाही सुरुवात करता येईल. मनगट वा बोटे दुखू लागली तर रियाज तिथेच थांबवावा. दुखणे सोसण्यात शौर्य नाही. दिवसाचे वेळापत्रक सैल ठेवावे, सभागृहात लवकर जाऊन रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवावे आणि शेवटच्या रांगेतून कोणाला तरी ऐकायला सांगावे.

‘नॉक्टर्नल’मध्ये आधी विस्तार येतात आणि ते ज्यावर बेतले आहेत ते डाउलँडचे मूळ गीत अगदी शेवटी, विझत जाणाऱ्या स्वरांत प्रकट होते. अशा जागी घाईने हात उचलला तर सगळे हरवते. स्वर पुरता मावळेपर्यंत दोन्ही हात जागीच ठेवावेत. गिटारच्या मैफलीत ती शांतता वाजवण्याचाच भाग असते. टाळ्या तिच्यानंतर येतात.

तुझा,
मामा