तळ्याकाठची एक रात्र

प्रश्न : आम्ही सोलापुरात सात रस्त्याला राहतो. सासूबाई आणि दोन मुलांसह पाण्याकाठी शांत एक रात्र राहायचंय. कुठे जावं?

उत्तर : आधी घराजवळचं सांगतो. विजापूर रस्त्यावरच्या कंबर तलावावर एकदा उजाडताना जाऊन या. वाहनं सुरू होण्याआधीचा तो तासभर फार सुंदर असतो. तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परगा तलाव मोठा, १८७१ साली बांधलेला. तिथे अर्धा दिवस आरामात जातो.

मुक्कामाला मात्र उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळच्या कुंभारगावाला जा. पुणे रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटर. मासेमारी करणाऱ्या घरांतच राहायची सोय होते, जेवणात ताजी चिलापी मिळते. मला लाकडी कॉटेजपेक्षा ही घरं केव्हाही प्रिय. जानेवारी-फेब्रुवारीत जा, तेव्हा रोहित पक्षी असतात. वाकडी चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात, ते मुलांना दुर्बिणीतून दाखवा. नावाड्याला थव्यापासून लांबच थांबायला सांगा. जवळ गेलं की ते चरणं सोडून उडतात. सासूबाईंना होडीत चढताना हात द्या, काठ निसरडा असतो. पहाटे गारठा असतो, शाल घ्याच.