पदवी कोण देते?

गावातली मुलगी बारावी पास होते. घरात आनंद होतो. पेढे वाटले जातात. पण दुसऱ्या दिवशी आईबापांना घोर लागतो. आता पुढं काय? पोरीला कुठं घालायचं? पैसा किती लागेल? आणि कुणी फसवलं तर?

म्हणून उच्च शिक्षणाची व्यवस्था कशी आहे, ते आपण समजून घेऊ.

वडाचे झाड पाहा. खोड एक, फांद्या अनेक. इथेही तसेच आहे. विद्यापीठ हे खोड आणि कॉलेजे या फांद्या. मुले बहुधा कॉलेजात शिकतात. पदवी मात्र विद्यापीठ देते. काही कॉलेजे स्वायत्त असतात. ती परीक्षा स्वतः घेतात. तरी त्यांच्या मुलांना पदवी विद्यापीठाचीच मिळते.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे १८५७ साली विद्यापीठे निघाली. पुढे नागपूरला १९२३ साली, पुण्याला १९४९ साली आणि कोल्हापूरला १९६२ साली विद्यापीठ झाले. आता पुष्कळ तालुक्यांच्या गावीही कॉलेज आहे.

कला, वाणिज्य किंवा विज्ञान घेतले तर तीन वर्षांत पदवी मिळते. नव्या पद्धतीत चौथे वर्षही करता येते. इंजिनिअर व्हायला चार वर्षे लागतात. एमबीबीएस डॉक्टर व्हायला साडेपाच वर्षे लागतात. त्यातले शेवटचे वर्ष रुग्णालयात काम करायचे असते. डॉक्टरकीसाठी आधी 'नीट' ही परीक्षा द्यावी लागते. राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांसाठी 'सीईटी' असते.

मध्येच शिक्षण सुटले तर? बाप आजारी पडतो. पाऊस दगा देतो. पोरगी घरी बसते. पूर्वी अशी वर्षे वाया जात. २०२० च्या शिक्षण धोरणाने यावर वाट काढली. ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या, तर एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका मिळते. पुढे परत येऊन राहिलेले शिक्षण पुरे करता येते.

काम करून शिकायचे असेल, तर मुक्त विद्यापीठ आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झाले. शेतावर जाणारा माणूसही तेथे नाव घालू शकतो.

आता फसवणुकीचे पाहू. एखादा माणूस दारी येतो. म्हणतो, "काका, पैसे भरा. पोराला घरबसल्या पदवी आणून देतो. परीक्षेची कटकट नाही." अशा वेळी काय करावे? पैसे देऊ नयेत. दुकानाची पाटी कुणीही लावील. विद्यापीठाची पाटी तशी लावता येत नाही. संसद किंवा राज्याचे विधिमंडळ कायदा करून विद्यापीठ स्थापते. काही संस्थांना केंद्र सरकार विद्यापीठाचा दर्जा देते. १९५६ च्या कायद्याप्रमाणे अशांनाच, किंवा संसदेने कायद्याने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच, पदवी देता येते. विद्यापीठ अनुदान आयोग याच कायद्याने झाला. तो खोट्या विद्यापीठांची यादी जाहीर करीत आला आहे. खोट्या पदवीवर नोकरी मिळत नाही. पैसा जातो, आणि पोराची उमेदीची वर्षेही जातात.

म्हणून पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेले आहे? या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का? भरलेल्या पैशांची पावती मिळेल का?

शिष्यवृत्तीचीही चौकशी करा. महाराष्ट्रात २०२४ सालापासून मागास आणि दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली आहे. त्यासाठी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. प्रवेशही सरकारी फेरीतून घ्यावा लागतो. उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढून ठेवा.

आता तुम्हाला वाचता येते. फॉर्मवर सही करण्याआधी तो स्वतः वाचा. समजले नाही, तर शाळेतल्या गुरुजींना विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

सांगा पाहू :
१. पदवी कॉलेज देते की विद्यापीठ?
२. काम करीत शिकायचे असेल, तर कुठे नाव घालावे?
३. पैसे भरण्याआधी कोणत्या तीन गोष्टी विचाराव्यात?