गोफणीचा दगड

गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व भागात धानोरा हे तालुक्याचे गाव आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी धानोराही चंद्रपूर जिल्ह्यातच मोडत असे. सभोवार साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचे रान व रानाच्या कुशीत धानाच्या लहानमोठ्या बांध्या, असे या मुलुखाचे रूप आहे. पावसाळा सरून धान लोंबीवर आले, म्हणजे पाखरांचे थवे शेतात उतरू लागतात. मग घरातील कोणीतरी धुऱ्यावर उभे राहून राखण करतो. त्याच्या हाती असते ती गोफण. दोन दोऱ्या आणि मध्ये दगड ठेवण्यापुरता विणलेला पट्टा, एवढेच काय ते हे साधन! एक दोरी बोटात अडकवून गोफण गरगर फिरवायची आणि नेमक्या क्षणी दुसरी दोरी सोडून द्यायची. क्षणभर उशीर झाला, तर दगड भलतीकडेच जातो. गोफणीवर हात बसण्यास फार दिवस लागतात.

मुलांनो, या गोफणीने मला एकदा भौतिकशास्त्राचा धडा शिकवला. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी धानोऱ्याच्या परिसरातील एका शाळेत शिक्षक होतो. माझा विषय मराठी. परंतु विज्ञानाचे शिक्षक काही दिवस रजेवर गेल्यामुळे वरच्या वर्गाचा त्यांचा तास माझ्याकडे आला. तिरप्या दिशेने फेकलेली वस्तू कोणत्या मार्गाने जाते, हे त्या दिवशी शिकवायचे होते. 'यात कठीण ते काय?' असे मनाशी म्हणून मी पुस्तक नीट न वाचताच वर्गात गेलो. फळ्यावर मी एक तिरपी सरळ रेघ ओढली आणि तिच्या टोकापासून दुसरी रेघ सरळ खाली जमिनीपर्यंत आणली. "हाताने दिलेला जोर आहे तोवर दगड सरळ जातो, जोर संपला की खाली पडतो," असे मी ठासून सांगितले. सर्वांनी माना डोलावल्या आणि आकृती वहीत उतरवून घेतली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र लिहीत नव्हता. त्याच्या घरी गोंडी बोलत. मराठी तो अडखळत बोले. त्यामुळे शाळेत त्याची गणना मंद मुलांत होत असे. आणि खरे सांगायचे तर, माझाही समज तसाच होता.

"का रे, लिहीत का नाहीस?" मी विचारले.

तो उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, दगड असा नाही जात."

वर्गात हशा पिकला. "मग कसा जातो?" मी विचारले. त्याला शब्द सुचेनात. शेवटी तो पुढे आला, खडू घेतला आणि त्याने फळ्यावर एकच वाकडी, कमानीसारखी रेघ काढली. तिच्यात कोठेही कोपरा नव्हता. मग त्याने तिच्यावर दुसरी, अधिक उंच कमान काढली. दोन्ही कमानी एकाच ठिकाणी सुरू होऊन एकाच ठिकाणी संपत होत्या.

"या दोन कशासाठी?"

"मधे मोहाचे झाड असले तर वरून टाकायचा. नसले तर असा, खालून. दगड त्याच बांधीत पडतो, गुरुजी."

माझ्या हातात फडके होते. ती आकृती पुसून त्याला जागेवर बसवणे सोपे होते. वर्गाला त्यात काही गैरही वाटले नसते. पण माझ्या मनात शंकेने घर केले. ज्याने शेकडो दगड डोळ्यांनी पाहिले, तो चुकेल कसा? आणि मी तर एकही दगड नीट पाहिला नव्हता! "दोन्ही आकृत्या फळ्यावर राहू द्या. उद्या ठरवू," एवढेच मी म्हणालो.

त्या रात्री मी पुस्तक लक्षपूर्वक वाचले आणि ओशाळलो. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच मी सांगितले, "काल मी काढलेली आकृती चुकीची होती. परंतु मी म्हणतो म्हणूनही ती चूक मानू नका आणि तुमचा मित्र म्हणतो म्हणून त्याची बरोबर मानू नका. आपण पारखून पाहू."

आम्ही प्रथम दोन नाणी घेतली. मेजाच्या कडेला एक फूटपट्टी तिरपी ठेवून तिचे टोक थोडे बाहेर काढले. त्या टोकावर एक नाणे ठेवले. दुसरे नाणे मेजावरच, पट्टी आणि मेजाची कड यांच्यामध्ये ठेवले. पट्टीला आडवा टोला देताच दुसरे नाणे दूर उडाले आणि पट्टीवरचे नाणे खालच्या खाली पडले. मुलांनी डोळे मिटून कान दिले होते. नाणी दोन, परंतु आवाज एकच आला! पुनःपुन्हा करून पाहिले, तरी तेच. पुढे जाणारे नाणे पुढे जात असतानाही सरळ पडणाऱ्या नाण्याइतक्याच वेळात खाली येत होते.

सगळ्या विषयाची किल्ली येथे आहे. फेकलेल्या वस्तूला एकाच वेळी दोन गती असतात. एक पुढे जाण्याची. ती हवेचा रोध सोडल्यास सारखीच राहते. दुसरी वरखाली होण्याची. तीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण पहिल्या क्षणापासून काम करीत असते. या दोन गती एकमेकींच्या आड येत नाहीत. 'आधी जोर, मग पडणे' असा क्रम नसतोच. दगड हातातून सुटताक्षणीच पृथ्वी त्याला ओढू लागते.

आता थोडे गणित करू. समजा, गोफणीतून सुटलेल्या दगडाचा वर जाण्याचा वेग सेकंदाला २० मीटर आहे आणि पुढे जाण्याचा वेग सेकंदाला १५ मीटर आहे. गुरुत्वाकर्षणामुळे वर जाण्याचा वेग दर सेकंदाला सुमारे ९.८ मीटरने घटतो. सोयीसाठी आपण १० मीटर धरू. म्हणजे एका सेकंदाने तो १० उरेल आणि दोन सेकंदांनी शून्य होईल. पहिल्या सेकंदात वेग २० वरून १० वर आला, सरासरी १५, म्हणून दगड १५ मीटर चढला. दुसऱ्या सेकंदात सरासरी ५; म्हणून आणखी ५ मीटर चढून तो २० मीटर उंचीवर पोहोचला. पुढच्या दोन सेकंदांत तो याच हिशेबाने, आधी ५ आणि मग १५ मीटर, खाली येतो. या सर्व काळात तो दर सेकंदाला १५ मीटर पुढे सरकतच असतो. म्हणून चार सेकंदांनी तो ६० मीटर दूर जमिनीवर पडतो. १५, ३०, ४५ आणि ६० मीटर अंतरांवर त्याची उंची अनुक्रमे १५, २०, १५ आणि ० मीटर भरते. हे बिंदू आलेख कागदावर मांडून जोडले, की त्या मुलाची उंच कमान तयार होते. गणितात या वक्राला अन्वस्त म्हणतात.

आता त्याच जोराने पण जरा खालून दगड टाकू. वर जाण्याचा वेग १५ आणि पुढे जाण्याचा २० असे अदलाबदल करू. वर जाण्याचा वेग दीड सेकंदात संपतो. दगड सव्वाअकरा मीटरच उंच जातो आणि तीन सेकंदांत जमिनीवर येतो. पण या तीन सेकंदांत तो दर सेकंदाला २० मीटर पुढे जातो. म्हणजे पुन्हा ६० मीटरच! वाटेत मध्यावर पंधरा मीटर उंचीचे मोहाचे झाड असेल, तर हा दगड झाडात अडकेल आणि पहिला वरून निघून जाईल. झाड नसेल, तर दोन्ही त्याच बांधीत पडतील. हे आकडे फळ्यावर उमटले तेव्हा वर्गात कोणी हसले नाही. सर्वांनी मागे वळून त्या मुलाकडे पाहिले.

पहिल्या दगडाचा जमिनीशी होणारा कोन सुमारे ५३ अंशांचा आणि दुसऱ्याचा सुमारे ३७ अंशांचा आहे. एक ४५ पेक्षा ८ ने अधिक, दुसरा ८ ने कमी. मग बरोबर ४५ अंशांवर काय होईल? हे आम्ही शाळेच्या बागेत पाण्याच्या रबरी नळीने पाहिले. नळीचे तोंड जमिनीलगत धरले आणि पुठ्ठ्याच्या कोनमापकाला दोरा व दगड बांधून कोन मोजला. पाण्याच्या धारेची कमान सर्वांना स्पष्ट दिसत होती. ३० अंशांवर आणि ६० अंशांवर धार जवळजवळ एकाच जागी पडली. ४५ अंशांवर ती सर्वांत दूर गेली. वर घेतलेल्या जोराने ४५ अंशांवर टाकलेला दगड साडेबासष्ट मीटर जाईल, असे गणितही सांगते.

माझ्या चुकीविषयी मला पुढे एक नवल कळले. निकोलो टार्टाग्लिया या इटालियन गणितज्ञाने १५३७ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात, तोफगोळा ४५ अंशांच्या कोनातून सर्वांत दूर जातो, असे सांगितले होते. परंतु गोळ्याचा मार्ग दाखवताना त्यानेही आधी तिरपी सरळ रेघ, मग थोडा बाक आणि शेवटी सरळ खाली येणारी रेघ अशीच आकृती काढली होती! हा मार्ग अन्वस्त असतो, हे गॅलिलिओने १६३८ साली लायडेन येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. त्या वेळी तो चौऱ्याहत्तर वर्षांचा होता, दृष्टी गेलेली होती आणि धर्मसत्तेच्या आज्ञेने स्वतःच्या घरातच नजरकैदेत होता. एका गतीच्या दोन गती करून पाहण्याची युक्ती त्याचीच.

तुम्ही म्हणाल, दगड वाकडा जातो हे खरे. पण बाण तर सरळ जातो ना? २०२३ साली बर्लिन येथे नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी हे दोघे धनुर्विद्येत जगज्जेते झाले. त्यांच्या स्पर्धेत लक्ष्य ५० मीटरांवर असते आणि बाणाला तेथे पोहोचण्यास अर्ध्या सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागतो. नुसत्या अर्ध्या सेकंदात कोणतीही वस्तू सव्वा मीटर खाली येते. बाण अगदी आडवा सोडला, तर तो लक्ष्याच्या पार खाली जाईल. म्हणून नेमबाज बाणाला थोडा वर उचलतो. बाणाचा मार्गही कमानच; फक्त ती फार चपटी असल्याने डोळ्यांना सरळ वाटते. प्रत्यक्षात हवेचा रोधही असतोच. त्यामुळे हिशेबापेक्षा वस्तू थोडी अलीकडे पडते. चेंडू, भाला किंवा गोळा फेकणाऱ्याला हे सारे अनुभवाने साधावे लागते.

तो मुलगा त्यानंतर वर्गात बोलू लागला. त्याची मराठी एका दिवसात सुधारली नाही. पण तो अडखळला तर वर्ग थांबून ऐकू लागला. मीही त्या दिवसापासून एक नियम केला. जे शिकवायचे, ते आपल्या गावात कोणाच्या हाताला ठाऊक आहे, याची आधी चौकशी करायची. धुऱ्यावरच्या पोराला दगड कोठे पडेल हे कळते. तो तेथेच का पडतो, हे शास्त्र सांगते. या दोहोंची गाठ पडली, म्हणजे विद्या पक्की होते.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) गोफणीचे भाग कोणते?
(आ) लेखकाने फळ्यावर प्रथम कोणती आकृती काढली?
(इ) गॅलिलिओचा ग्रंथ कोणत्या साली व कोठे प्रसिद्ध झाला?

२. कारणे लिहा.
(अ) मागच्या बाकावरचा मुलगा आकृती वहीत उतरवून घेत नव्हता.
(आ) दोन्ही नाण्यांचा आवाज एकदमच आला.
(इ) नेमबाज बाण थोडा वर उचलून सोडतो.

३. "पण मी म्हणतो म्हणूनही ती चूक मानू नका," असे लेखकाने वर्गाला का सांगितले असावे? आठ-दहा ओळींत लिहा.

४. पाठातील दोन्ही दगडांचे मार्ग एकाच आलेख कागदावर काढा. दुसऱ्या दगडाची एका सेकंदानंतरची उंची किती?

५. हात बसणे, मान डोलावणे, हशा पिकणे, शंकेने घर करणे : या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

६. पाण्याच्या नळीचा प्रयोग वडीलधाऱ्यांच्या देखत करा आणि कोन व अंतर यांचा तक्ता तयार करा. या प्रयोगासाठी दगड फेकू नका.